हजेरीच्या मिनिटापासून पगाराच्या चिठ्ठीपर्यंत: सॉफ्टवेअरची तुलना कशी करावी

पगाराचे आणि हजेरीचे सॉफ्टवेअर घ्यायचे ठरले की पहिल्याच आठवड्यात टेबलावर एक तक्ता येतो. डाव्या बाजूला सुविधांची यादी, वरच्या ओळीत पाच-सहा उत्पादनांची नावे आणि जवळपास प्रत्येक चौकटीत ‘आहे’ अशी खूण. पगारपत्रक तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे केले आहे आणि त्या काळात दोनदा सॉफ्टवेअर बदलले आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की या तक्त्यावरून कोणते उत्पादन बाद करायचे ते कळते, पण कोणते घ्यायचे ते कळत नाही. ‘ओव्हरटाइमची गणना: आहे’ असे लिहिलेल्या दोन सॉफ्टवेअरपैकी एक रात्री बारा वाजता पाळी तोडून तिचे तास दोन दिवसांत वाटते आणि दुसरे पाळी ज्या दिवशी सुरू झाली त्याच दिवसावर सगळे तास टाकते. त्यामुळे त्याच माणसाचा त्याच महिन्याचा पगार दोन्हीकडे वेगळा निघू शकतो. तुलना करायची ती अशा जागांची.

सरळ महिन्याचा पगार कोणतेही सॉफ्टवेअर बरोबर काढते. कोणी उशिरा आले, कोणाचा पंच (येण्या-जाण्याच्या वेळेची यंत्रावरची नोंद) राहून गेला, कोणाच्या ओव्हरटाइमला मंजुरी पगार लॉक झाल्यावर, म्हणजे हिशेब अंतिम करून बंद केल्यावर, मिळाली, कोणी महिन्याच्या मधेच नोकरी सोडली, तर ते सॉफ्टवेअर काय करते, चूक दुरुस्त करण्याची वाट किती सरळ ठेवते आणि त्या दुरुस्तीची नोंद कशी जपते, यावर त्याची खरी किंमत ठरते. म्हणून पुढे जे सांगतो आहे ते सगळे याच एका कसोटीभोवती आहे.

आधी आपले नियम कागदावर आणावेत

कोणत्याही विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहण्याआधी आपल्या आस्थापनेचे पगाराचे नियम लिहून काढावेत. किती लोक मासिक पगारावर आहेत, किती तासावर, किती रोजंदारीवर आणि किती नगावर. पगाराचे चक्र आठवड्याचे आहे, पंधरवड्याचे आहे की महिन्याचे. पाळ्या किती आणि त्यांतल्या किती मध्यरात्र ओलांडतात. उशिरा येण्याला किती मिनिटांची सवलत आहे. रजेचे प्रकार कोणते आणि शिल्लक रजा पुढच्या वर्षी जाते की संपते. ओव्हरटाइम दिवसाच्या तासांवर मोजायचा की आठवड्याच्या. शेवटचा प्रश्न वरवर साधा दिसतो, पण एका देशातच त्याची दोन उत्तरे असू शकतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार आठवड्यात ४० तासांवर काम झाले की दीडपट दराने ओव्हरटाइम लागू होतो, तर कॅलिफोर्निया राज्यात एका दिवसात ८ तासांच्या वर काम झाले तरी तो लागू होतो. ज्या आस्थापनेची माणसे दोन्हीकडे काम करतात, तिला एकच नियम सगळ्यांना लावणारे सॉफ्टवेअर उपयोगाचे नाही.

दर दोन आठवड्यांनी पगार देणाऱ्यांनी आणखी एक हिशेब तपासून ठेवावा. १४ दिवसांची २६ चक्रे म्हणजे ३६४ दिवस होतात आणि वर्षाचा एक दिवस, लीप वर्षात दोन दिवस, उरतात. ते साठत जाऊन काही वर्षांनी एका वर्षात २७ पगार येतात. वार्षिक पगाराला २६ ने भागून हप्ता काढणारे सॉफ्टवेअर त्या वर्षी काय करणार, मासिक स्वरूपाच्या कपाती त्या जादा पगारातून कापणार की नाही, हे आधीच विचारलेले बरे.

लिहिलेले नियम सापडतात. न लिहिलेले नियम सापडत नाहीत, आणि नवे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा त्यांच्यावरच अडखळते. अमुक विभागाची जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटे मोठी आहे, तमुक माणसाला येण्याच्या वेळेची सूट फार पूर्वी कोणीतरी तोंडी दिली आहे, अशा गोष्टी पगार करणाऱ्या व्यक्तीच्या डोक्यात असतात. त्या बाहेर काढण्याचा एकच खात्रीचा मार्ग मला माहीत आहे. पगार बंद करण्याच्या तीन दिवसांत त्या व्यक्तीच्या शेजारी बसावे आणि ती हाताने जी जी दुरुस्ती करते ती कारणासह टिपून घ्यावी. आम्ही हे केले तेव्हा आमच्या स्वतःच्या नियमपुस्तिकेत नसलेल्या सवलती समोर आल्या, आणि त्यांतल्या काही बंद करण्याचा आणि काही रीतसर लिहून घेण्याचा निर्णय सॉफ्टवेअर घेण्याआधीच घेता आला.

एकाच नावाखाली वेगवेगळी कामे

बाजारात ‘टाइम ट्रॅकिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तू मुळात एका जातीच्या नाहीत. टॉगल ट्रॅक, क्लॉकिफाय किंवा हार्वेस्ट यांसारखी साधने कोणत्या प्रकल्पावर किती वेळ गेला हे नोंदवण्यासाठी आहेत. सल्लागार, रचनाकार किंवा वकिलांच्या कार्यालयात ग्राहकाला तासांचे बिल द्यायचे असते, तिथे ती उत्तम चालतात. पाळीत काम करणाऱ्या कारखान्याची किंवा रुग्णालयाची हजेरी त्यांच्यावर ठेवायला गेले की अडचण होते, कारण पाळीचे वेळापत्रक, उशिराची सवलत आणि बदली माणूस या गोष्टी त्यांच्या रचनेच्या केंद्रस्थानी नसतात. दुसरीकडे डेप्युटी किंवा व्हेन आय वर्क ही साधने पाळ्यांचे वेळापत्रक आणि हजेरी यांभोवती उभी आहेत. गस्टोसारख्या सेवा मुळात पगाराच्या आहेत आणि वर्कडे किंवा यूकेजीची उत्पादने मोठ्या संस्थांच्या संपूर्ण मनुष्यबळ व्यवस्थापनासाठी आहेत. एडीपीचा तर उगमच पगाराच्या कामात आहे. ती कंपनी १९४९ मध्ये इतर व्यवसायांचे पगार काढून देण्यासाठी सुरू झाली. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे असेल तर किमाईसारखे मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे असे, साधनही आहे, मात्र ते चालते ठेवण्याची जबाबदारी आपली असते.

आपल्याला यांतले काय हवे आहे ते एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ‘पाळीत येणाऱ्या लोकांची हजेरी घेऊन त्यावरून पगार काढायचा आहे’ असे वाक्य असेल, तर प्रकल्पाचे घड्याळ कितीही देखणे असले तरी ते यादीतून काढून टाकावे. पुढचा निर्णय एकाच विक्रेत्याकडून हजेरी आणि पगार दोन्ही घ्यायचे की दोन वेगळी साधने जोडायची, हा आहे. एकत्र घेतल्यास सांधा एक कमी होतो, पण अनेकदा दोनपैकी एक भाग कच्चा असतो. वेगवेगळी घेतल्यास प्रत्येक भाग चांगला निवडता येतो, पण मधला सांधा आपल्याला सांभाळावा लागतो. माणसे थोडी आणि नियम साधे असतील तर मी एकत्र घेण्याकडे झुकेन. पाळ्या गुंतागुंतीच्या असतील तर हजेरीचे साधन आधी निवडावे आणि त्याच्याशी नीट जुळेल असे पगाराचे घ्यावे, कारण चुकलेले तास पगाराच्या कोणत्याही सूत्राने सुधारत नाहीत.

तासांचे पैसे होताना

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. हजेरीचे साधन तास देते, पगाराचे साधन पैसे देते आणि त्या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका झालेल्या आहेत.

पहिली चूक दशांशाची. ८ तास २० मिनिटे म्हणजे दशांशात ८.३३ तास, ८.२० नव्हे. कोणी हाताने ८.२० टाकले, किंवा दोन साधनांपैकी एकाने ‘तास:मिनिटे’ पाठवले आणि दुसऱ्याने ते दशांश समजून घेतले, तर दिवसाला ८ मिनिटे गळतात. २५ दिवसांच्या महिन्यात ही २०० मिनिटे होतात, म्हणजे ३ तास २० मिनिटांची मजुरी. एका दिवसाच्या चिठ्ठीत हा फरक डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो महिनोन्‌महिने चालू राहतो. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ८ तास २० मिनिटांची एक पाळी टाकून ती पगाराच्या बाजूला कोणत्या आकड्याने उतरते, हे स्वतः पाहावे.

दुसरी बाब पूर्णांकनाची. वेळ जवळच्या पाव तासाला आणण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांत ५ मिनिटे, तासाचा दहावा भाग किंवा पाव तास असे पूर्णांकन चालते, पण काही काळाच्या सरासरीत कामगाराला पूर्ण वेळेचा मोबदला मिळाला पाहिजे अशी अट आहे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मात्र येण्याची वेळ नेहमी पुढे आणि जाण्याची वेळ नेहमी मागे ओढण्याचा पर्यायही आढळतो. ८ वाजून ५० मिनिटांनी येऊन कामाला लागलेला माणूस ९ ला आला असे धरले, आणि ६ वाजून १० मिनिटांनी काम संपवून गेलेला ६ ला गेला असे धरले, तर रोज २० मिनिटे जातात. २५ दिवसांत ५०० मिनिटे, म्हणजे ८ तास २० मिनिटे. एका माणसाचा एक संपूर्ण दिवस महिन्याकाठी नाहीसा होतो आणि कोणीही खोटे लिहिलेले नसते. मिनिटांचा हिशेब यंत्र करत असताना पूर्णांकनाची गरजच उरलेली नाही, असे मला मनापासून वाटते. ते ठेवायचेच असेल तर मूळ पंच जसाच्या तसा जपला जातो का आणि मूळ वेळ व पूर्णांकित वेळ शेजारी शेजारी दिसतात का, हे पाहावे. मूळ वेळेवर पूर्णांकित वेळ लिहून टाकणारे सॉफ्टवेअर मी घेणार नाही.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचा उल्लेख वर आलाच आहे. रात्री १० ते सकाळी ६ ही पाळी महिन्याच्या शेवटच्या तारखेला टाकून पाहावी. २ तास या महिन्यात आणि ६ तास पुढच्या महिन्यात जातात, की सगळे ८ तास एकाच महिन्यात राहतात? दुसरा दिवस सुट्टीचा असेल तर सुट्टीचा दर किती तासांना लागतो? दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य असू शकतात, पण आपल्या नियमाप्रमाणे निवडता आल्या पाहिजेत. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करतात, तिथे ही पाळी वर्षातून एकदा ७ तासांची आणि एकदा ९ तासांची होते. सॉफ्टवेअर फक्त घड्याळातल्या आकड्यांची वजाबाकी करत असेल तर ते दोन्ही रात्री ८ च तास दाखवील.

राहून गेलेला पंच ही रोजची गोष्ट आहे. माणूस आला, पण जाताना पंच केला नाही. काही सॉफ्टवेअर तो दिवस शून्य धरतात, काही वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण धरतात, काही दुसऱ्या दिवशीच्या येण्याच्या पंचाला आदल्या दिवसाचे जाणे समजतात आणि २४ तासांची पाळी तयार करतात. चांगले सॉफ्टवेअर अंदाज करत नाही. ते त्या दिवसाला अपूर्ण अशी खूण करते, त्याच दिवशी कर्मचारी आणि पर्यवेक्षक दोघांना कळवते आणि दुरुस्ती होईपर्यंत ती नोंद पगाराकडे सोडत नाही. दुरुस्ती झाल्यावर जुनी वेळ, नवी वेळ, बदलणाऱ्याचे नाव, बदलाचा क्षण आणि कारण या पाच गोष्टी कायम राहिल्या पाहिजेत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी दिलेल्या निर्णयात रोजच्या कामाचा वेळ मोजणारी व्यवस्था वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि सहज पाहता येण्याजोगी असावी असे म्हटले आहे. आपला व्यवसाय कुठेही असो, सॉफ्टवेअर पारखायला हे तीन शब्द पुरेसे नेमके आहेत. सहज पाहता येणे याचा अर्थ कर्मचाऱ्याला स्वतःचे तास स्वतः पाहता येणे असाही घ्यावा.

आता मला सर्वांत बोलकी वाटणारी परीक्षा. महिन्याच्या २८ तारखेला एकाने ३ तास जादा काम केले. पर्यवेक्षक रजेवर होता, त्यामुळे मंजुरी पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला आली, आणि पगार १ तारखेलाच लॉक झाला होता. हे ३ तास कुठे जातात? काही सॉफ्टवेअर लॉक झालेला महिना उघडायला सांगतात, आणि तो उघडला की इतरांच्या पगाराची पुनर्गणना होते. काही ते तास पुढच्या महिन्यात नव्या तारखेने टाकायला लावतात, त्यामुळे त्या आठवड्याचा ओव्हरटाइम चुकतो. नीट बांधलेले सॉफ्टवेअर मूळ तारीख आणि त्या दिवशीचा दर कायम ठेवून फरकाची रक्कम पुढच्या पगारात थकबाकी म्हणून वेगळ्या ओळीत दाखवते. हे एक उदाहरण प्रत्येक विक्रेत्यासमोर ठेवावे आणि ‘होते’ या उत्तरावर न थांबता पडद्यावर करून दाखवायला सांगावे.

दोन साधने जोडताना तास कोणत्या मार्गाने जातात, हेही बारकाईने पाहावे लागते. ‘जोडणी आहे’ याचा अर्थ कुठे एपीआयमधून (दोन सॉफ्टवेअरमधल्या थेट दुव्यातून) आपोआप जाणारी माहिती असा असतो, तर कुठे कोणीतरी दर महिन्याला सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) उतरवून दुसरीकडे चढवणे असा. आमच्याकडे एकदा अशी फाइल चढवण्याआधी तपासायला म्हणून स्प्रेडशीटमध्ये उघडली आणि जतन केली. ००४१७ या कर्मचारी क्रमांकाचे त्यात ४१७ झाले. शून्याने सुरू होणारे सगळे क्रमांक पगाराच्या बाजूला कोणाशीच जुळले नाहीत, आणि सॉफ्टवेअरने कोणतीही सूचना न देता त्या माणसांचे तास शून्य धरले. पगाराच्या आदल्या संध्याकाळी एकूण रकमेत घट दिसली म्हणून ते लक्षात आले. तेव्हापासून मी प्रत्येक जोडणीला मुद्दाम एक न जुळणारा क्रमांक देऊन पाहतो. न जुळलेल्या नोंदींची यादी समोर आली पाहिजे आणि ती रिकामी होईपर्यंत पगार पुढे सरकता कामा नये.

पंच कसा घ्यावा

कार्ड, पिन, क्यूआर कोड, मोबाइल, बोटाचा ठसा, चेहरा, यांपैकी काय घ्यावे हे कामाच्या जागेवर ठरते. एकाच दाराने सगळे येत असतील तर भिंतीवरचे यंत्र पुरते. माणसे वेगवेगळ्या ठिकाणी काम करत असतील तर मोबाइलशिवाय इलाज नाही. यंत्राची नेटवर्कशी जोडणी तुटली असताना पंच यंत्रातच साठतो का आणि जोडणी परत आल्यावर मूळ वेळेसह वर जातो का, हे तार काढून स्वतः पाहावे. मोबाइलवर फोनचे घड्याळ मागे-पुढे करून पंच बदलता येतो का, हेही तसेच करून पाहावे.

एकाने दुसऱ्याचा पंच मारणे रोखायला ठसा किंवा चेहरा उपयोगी पडतो, पण त्याची दुसरी बाजू ध्यानात घ्यायला हवी. हाताने जड काम करणाऱ्यांचे, सतत पाण्यात किंवा रसायनांत हात असणाऱ्यांचे ठसे झिजतात आणि यंत्र त्यांनाच वारंवार नाकारते, म्हणून दुसरा पर्याय खुला असलाच पाहिजे. शिवाय पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. युरोपच्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात व्यक्तीची ओळख पटवण्यासाठी वापरली जाणारी जैविक माहिती विशेष संरक्षणाच्या वर्गात मोडते, आणि अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने तर २००८ मध्येच अशा माहितीसाठी लेखी संमती आवश्यक करणारा कायदा केला. ठशाचे चित्र साठवले जाते की त्यावरून काढलेला गणिती नमुना, तो कुठे राहतो आणि माणूस नोकरी सोडून गेल्यावर केव्हा पुसला जातो, याची उत्तरे लेखी घ्यावीत.

जीपीएसच्या बाबतीत ठिकाण फक्त पंचाच्या क्षणी नोंदवले जाते की दिवसभर, हा मुख्य प्रश्न आहे. पगारासाठी पहिले पुरते. मोठ्या इमारतींच्या आत किंवा तळघरात ठिकाणाचा अंदाज बराच सरकतो, म्हणून पंच मान्य होण्याची हद्द फार आखूड ठेवली तर प्रामाणिकपणे आलेली माणसे बाहेर दिसू लागतात. दर काही मिनिटांनी पडद्याचे चित्र घेणारी आणि कळफलकाचे ठोके मोजणारी साधनेही याच नावाखाली विकली जातात. ती वेळ मोजत नाहीत, माणसावर पाळत ठेवतात, आणि पगाराच्या हिशेबात त्यांनी काडीचीही भर पडत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

पगाराच्या बाजूला काय तपासावे

इथे एक उदाहरण मोठे काम करते. महिना ३१ दिवसांचा आहे, तो सोमवारी सुरू झाला, शनिवार-रविवार सुट्टी आहे आणि ३१,००० मासिक पगाराचा माणूस १६ तारखेला रुजू झाला. कॅलेंडरच्या दिवसांनी भागले तर ३१ पैकी १६ दिवस, म्हणजे १६,०००. दिवसाचा दर काढताना नेहमी ३० ने भागले तर अशा १६ दिवसांचे १६,५३३.३३. कामाच्या दिवसांनी भागले तर २३ पैकी १२, म्हणजे १६,१७३.९१. तिन्ही पद्धती प्रचारात आहेत. आपली पद्धत सॉफ्टवेअरमध्ये निवडता येते का, आणि नोकरी सोडणाऱ्याला व बिनपगारी रजेला तीच पद्धत लागू होते का, हे पाहावे. रुजू होताना एका आणि सोडताना दुसऱ्या पद्धतीने भागणारी गणना मी पाहिली आहे, आणि तिचा खुलासा मागणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे काय बोलावे हे कोणालाच सुचत नव्हते.

कर आणि कायदेशीर कपातींचे दर बदलतात. ते बदल सॉफ्टवेअरमध्ये कोण टाकते, लागू होण्याच्या तारखेआधी टाकण्याची लेखी हमी आहे का, आणि विक्रेत्याच्या चुकीने दंड झाला तर तो कोण भरतो, ही तीन उत्तरे कराराच्या मसुद्यात शोधावीत. विक्री करणाऱ्याच्या बोलण्यावर इथे विसंबू नये.

पगाराची चिठ्ठीही मागवून वाचावी. एखाद्या नवख्या कर्मचाऱ्याच्या हाती ती दिली तर तास, दर आणि रक्कम यांचा गुणाकार त्याला स्वतः पडताळता येतो का? थकबाकी कोणत्या तारखेची आहे हे कळते का? चिठ्ठी स्वतःच बोलत असेल तर पगारानंतरच्या आठवड्यातले निम्मे प्रश्न येतच नाहीत.

अधिकारांची वाटणी हा दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. नवा कर्मचारी नोंदवणारी व्यक्ती आणि पगार सोडणारी व्यक्ती एकच असू नये. बँक खात्याचा क्रमांक बदलायला दोन वेगळ्या माणसांची मंजुरी लागावी आणि बदलाची सूचना कर्मचाऱ्याच्या जुन्या संपर्कावर जावी, कारण कर्मचाऱ्याच्या नावाने खोटा ईमेल पाठवून खाते बदलून घेणे हा पगार पळवण्याचा सर्रास वापरला जाणारा मार्ग आहे.

स्वतःच्या आकड्यांवर चालवून पाहावे

यादी दोन किंवा तीन नावांवर आली की मागच्या वर्षातला आपला सर्वांत अवघड महिना काढावा. ज्यात सण-सुट्ट्या होत्या, पगारवाढ मागील तारखेपासून लागू झाली होती, कोणी सोडून गेले होते, कोणी आले होते, असा. नावे आणि खाते क्रमांक बदलून त्या महिन्याचे मूळ पंच विक्रेत्याच्या चाचणी प्रणालीत टाकावेत आणि निघालेला पगार आपण प्रत्यक्ष दिलेल्या पगाराशी जुळवावा. विक्रेत्याचे तयार नमुने वापरून केलेल्या प्रात्यक्षिकाला मी गुण देत नाही. ते नमुने त्यांच्या सॉफ्टवेअरला बेतूनच केलेले असतात.

जुळवणी माणसागणिक करावी, एकूण रकमेवर नव्हे. एकाला ५०० जास्त आणि दुसऱ्याला ५०० कमी गेले तरी बेरीज बरोबर येते. प्रत्येक फरकाचे कारण लिहावे आणि ते तीनपैकी कोणत्या प्रकारचे आहे ते ठरवावे: नवे सॉफ्टवेअर चुकले, आपण नियम चुकीचा सांगितला, की आपला जुना पगारच चुकीचा होता. तिसऱ्या प्रकारचे फरक निघतात, आणि ते निघाले की ज्याचे पैसे कमी गेले आहेत त्याला ते द्यावेत.

निवड झाल्यावर जुनी आणि नवी व्यवस्था किमान दोन, शक्य तर तीन चक्रे समांतर चालवावी. हा खर्च आणि श्रम अनेकांना नको वाटतात. कॅनडाच्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी फीनिक्स नावाची प्रणाली २०१६ मध्ये सुरू केली, आणि तिथल्या महालेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालात असे नोंदले आहे की एका खात्यात आधी प्रायोगिक स्वरूपात चालवून पाहण्याचा ठरलेला टप्पा प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी रद्द केला होता. त्यानंतर हजारो लोकांना कमी, जास्त किंवा अजिबात न मिळालेल्या पगाराशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. आपली आस्थापना त्या मानाने कितीही लहान असली तरी पगार न झालेल्या माणसाच्या घरचे भाडे आणि हप्ते तेवढेच खरे असतात.

ज्यांच्याकडे ते सॉफ्टवेअर चालू आहे अशा दोन आस्थापनांशी बोलावे, आणि त्या आपल्याएवढ्याच आकाराच्या असाव्यात. ‘समाधानी आहात का’ असे न विचारता मागच्या वर्षी पगार किती वेळा पुन्हा चालवावा लागला, पगाराच्या दिवशी मदत मागितल्यावर किती तासांत माणूस फोनवर आला, हे विचारावे.

खर्च, करार आणि बंद पडण्याचा दिवस

दर माणशी मासिक आकार हा खर्चाचा एक भाग असतो. त्यात मूळ शुल्क, प्रत्येक वेळी पगार चालवण्याचे शुल्क, वर्षअखेरची कागदपत्रे, यंत्रे, सुरुवातीची मांडणी आणि जुनी माहिती आणण्याचा खर्च मिळवून तीन वर्षांची बेरीज करावी. सोडून गेलेले कर्मचारी मोजणीत किती काळ राहतात, हे हंगामी माणसे ठेवणाऱ्यांनी अवश्य विचारावे. करार आपोआप पुढे चालू राहतो का, दरवाढीला मर्यादा आहे का आणि सोडून जाताना आपली सगळी माहिती, दुरुस्त्यांच्या इतिहासासह, उघडता येईल अशा स्वरूपात मिळते का, हे सही करण्याआधी वाचावे. सुरक्षेबाबत आयएसओ २७००१ हे प्रमाणपत्र आणि पगारासारख्या आर्थिक कामांच्या नियंत्रणांवरचा एसओसी १ अहवाल मागावा.

सेवा बंद पडली तर काय, याचीही तयारी हवी. डिसेंबर २०२१ मध्ये क्रोनोस प्रायव्हेट क्लाउड या सेवेवर खंडणीखोर हल्ला (माहिती कुलूपबंद करून पैसे मागणारा) झाला आणि तिच्यावर हजेरी व पगार चालवणाऱ्या अनेक संस्थांना कित्येक आठवडे आपलीच माहिती मिळेना. तेव्हा काहींनी आधीच्या चक्राच्या आकड्यांवरून पगार दिले आणि नंतर फरक जुळवले. हे करायलाही आधीच्या चक्राचे आकडे आपल्या हाती असावे लागतात. म्हणून प्रत्येक चक्राच्या शेवटी तास, दर, एकूण पगार, कपाती आणि निव्वळ रक्कम यांची फाइल विक्रेत्याच्या यंत्रणेबाहेर, सुरक्षित जागी उतरवून ठेवावी.

बदल शक्यतो कर-वर्षाच्या सुरुवातीला करावा, म्हणजे वर्षभरात आजवर दिलेल्या आणि कापलेल्या रकमा नव्या प्रणालीत ओढून आणाव्या लागत नाहीत. मधेच करायचा झाल्यास त्या रकमा माणसागणिक जुळवाव्यात आणि जुन्या सॉफ्टवेअरमधली माहिती वाचण्यापुरता प्रवेश निदान पुढच्या वर्षअखेरीपर्यंत चालू ठेवावा. नव्या प्रणालीतला पहिला पगार सोडण्याच्या तीन दिवस आधी प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याच्या तासांचे विवरण द्यावे, हरकत कोणाकडे आणि कोणत्या वेळेपर्यंत नोंदवायची ते त्यावर छापावे, आणि त्या तीन दिवसांत दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे दुसरे कोणतेही काम देऊ नये.